केवढ्याक घेतलात?

मालवणच्या बाजारपेठेला चौक नाही. भरड नाक्यावरून एक रस्ता खाली बंदराकडे उतरतो. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांपुढे पायऱ्या, पायऱ्यांपुढे माल, मालापुढे मालाचा मालक, आणि एवढं सगळं मांडून झाल्यावर जे उरतं त्याला आम्ही रस्ता म्हणतो. त्यातून माणसं, दुचाक्या, हातगाड्या, शाळेतली पोरं आणि मधूनच एखादी पुण्याच्या पाटीची भलीमोठी पांढरी गाडी जात असते. गाडीवाल्याला मोबाइलच्या नकाशाने हा रस्ता जवळचा म्हणून दाखवलेला असतो. त्यात खोटं काही नाही. दोन्ही बाजूंचे दुकानदार गाडीच्या काचेतून हात घालता येईल इतके जवळ असतात.

चौक नाही याची खंत गावात कोणाला वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. तो विषय निघाला डेन्मार्कमुळे.

माझा भाचा त्या देशात एस्बियर्ग नावाच्या बंदरात समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर असतो. वाऱ्यावर पोट भरण्याचा हा धंदा माझ्या बहिणीला अजून पटलेला नाही. वारा आम्हाला फुकट मिळतो आणि नको तेव्हा मिळतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने तो इतका दिला की आमच्या पडवीची कौलं शेजाऱ्यांच्या अंगणात गेली आणि शेजाऱ्यांचा माड आमच्या पडवीत आला. अशा वाऱ्याचे तिकडे पैसे मिळतात म्हटल्यावर बहीण म्हणाली, “मगे हंयसून व्हरा म्हणान सांग त्येंका.”

या भाच्याबरोबर गेल्या डिसेंबरात त्याच्या ऑफिसातले एक साहेब आले. वय साठीच्या आसपास, उंची आमच्या दारांच्या चौकटींना न मानवणारी, आणि स्वभावाने इतके शांत की पहिल्या दिवशी बहिणीला वाटलं, यांना जेवण आवडलं नाही. साहेब राहतात रीबे या गावी, एस्बियर्गपासून तीसेक किलोमीटरवर. हे डेन्मार्कातलं सगळ्यात जुनं गाव. आठव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नदीकाठी व्यापाऱ्यांनी माल मांडला आणि ते अजून पुरते उठलेले नाहीत. मधोमध फरसबंदी चौक, चौकाला लागून कॅथीड्रल, भोवती लाकडी सांगाड्यांची कललेली घरं, एक जुनी कचेरी 1496 सालची. उन्हाळ्यात संध्याकाळी चौकातून कंदील घेतलेला पहारेकरी गाणी म्हणत निघतो. पूर्वी तो आग आणि चोर यांच्यावर लक्ष ठेवायचा. आता त्याच्यामागून पर्यटक चालतात आणि लक्ष ते ठेवतात, त्याच्यावर. भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवले. स्वच्छ चौक, धुतलेले दगड, दूरवर एक सायकल. बहिणीने फोटो मोठा करून कोपरे तपासले आणि विचारलं, “माणसां खंय गेली? कोण गेलो काय गावात?”

साहेबांना त्या चौकाचा अभिमान होता, पण त्यांच्या पद्धतीचा, म्हणजे विचारल्याशिवाय बाहेर न येणारा. मालवणी माणसाचा अभिमानही विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि विचारल्यावर तर मुळीच येत नाही. “तुमचा किल्ला काय सुंदर आहे हो!” असं कोणी म्हटलं तर आम्ही म्हणतो, “आसा आपलो. पावसात जावक मिळणा नाय.”

“तुमच्या गावचा ऐतिहासिक बाजारचौक मला बघायचा आहे,” साहेब म्हणाले. भाच्याने तिकडे ऑफिसात बसून आधीच “आहे ना!” म्हणून ठेवलं होतं. परदेशात गेलेल्या माणसाच्या आठवणीत गाव थोडं रुंद होतं. चौक दाखवायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे आणि इतिहासाच्या मास्तराला नसलेली गोष्ट दाखवायची सवय असते.

एक मार्ग सावंतवाडीला नेण्याचा होता. तिथे मोती तलाव आहे, तलावाकाठी राजवाडा आहे, चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी मांडलेली आहेत. पाहुण्याला उभं करून ‘बघा’ म्हणता येईल असं सगळं एका जागी. तिथली माणसंही त्या देखाव्याला शोभेल इतपत हळू बोलतात. पण आपल्या गावचा पाहुणा दुसऱ्या गावच्या तळ्यावर नेऊन चौकाची हौस भागवणं माझ्याने झालं नसतं. आणि बाजारात ते कळलं असतं तर मला पुढे कोथिंबीरही कोणी धड दिली नसती.

साहेबांना धीर नव्हता. आले त्याच दिवशी जेवण होताच निघायचं ठरलं. घड्याळात अडीच वाजले होते. दुपारी एक ते चार या वेळात मालवणचा बाजार झोपलेला असतो, आणि झोपेचं नाटक करत नसतो. सोलकढीवर झालेलं जेवण अंगावर आलेलं असतं. आम्ही भरडावरून खाली उतरलो तेव्हा रस्त्यात एक कुत्रं होतं, तेही सावलीच्या बाजूला सरकण्यापुरतंच जागं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “कोणी वारलं आहे का?” म्हणजे रिकामा बाजार पाहून डेन्मार्कच्या माणसालाही तेच सुचतं जे माझ्या बहिणीला सुचलं होतं.

एक मात्र मान्य करायला हवं. बाजार बघायचाच असेल तर तो बंद असताना बघावा. उघडा असला की माल दिसतो, माणसं दिसतात, बाजार दिसत नाही. बंद असला की वरची मंगळुरी कौलं दिसतात, माडीच्या खिडक्यांचे गज दिसतात, आणि दुकानांच्या लाकडी फळ्या दिसतात. नव्या दुकानांना पत्र्याची शटरं आली, पण काही जुन्या दुकानांना अजून फळ्या आहेत: उभ्या, खालच्या-वरच्या खाचेत एकेक सरकवत नेऊन बसवायच्या. फळ्या चुकू नयेत म्हणून त्यांच्यावर ऑइलपेंटने आकडे घातलेले असतात. साहेब त्यांच्यापुढे गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि एक, दोन, तीन असे देवनागरी आकडे भाच्याकडून समजून घेऊ लागले. एका दुकानाची पाचवी फळी वाळवीने खाल्ली म्हणून नवी घातलेली होती. तिच्यावर आकडा नव्हता. आकडा नसलेली एकच असल्यामुळे तिची जागा कधी चुकत नाही, असं मी सांगितलं. साहेबांनी तिचे फोटो काढले. रीबेच्या कॅथीड्रलचे त्यांनी इतके काढले असतील असं वाटत नाही.

मग मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून इतिहास सुरू केला. असा मोकळा रस्ता आणि न पळणारा विद्यार्थी एकत्र मिळण्याचा योग निवृत्तीनंतर फार येत नाही. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी मोरयाच्या धोंड्याजवळ पूजन करून समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. एवढ्या गवंड्यांना, पाथरवटांना आणि लोहारांना रोज दोन वेळा जेवायला लागलंच असणार, आणि जिथे इतकी माणसं जेवतात तिथे कोणीतरी मीठ-मिरची घेऊन बसतोच. 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. या नावाने किल्ल्याला मालवणात कोणी हाक मारली असेल असं मला वाटत नाही. एखादा खलाशी भाडं ठरवताना बोलला असला तर तेवढाच. पुढे किल्ला कोल्हापूरकरांकडे परत गेला, आणि 1812 च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांच्या ताब्यात आलं.

“आणि बाजार कधी सुरू झाला?” साहेबांनी विचारलं.

किल्ल्याला तारीख असते, बाजाराला नसते. किल्ला सुरू होताना पूजा करतात, नारळ फोडतात. बाजार सुरू होतो तेव्हा तो सुरू होतोय हे खुद्द विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तो आपला उरलेली वांगी संपवायला बसलेला असतो. हे मी बऱ्यापैकी इंग्रजीत मांडत होतो, तेवढ्यात वरच्या माडीची खिडकी करकरली आणि उघड्या अंगाने एक दुकानदार डोकावला. “कोण ता? मास्तरानू, दुकान चारांक उघडता!” आणि खिडकी बंद झाली.

खरा बाजार सोमवारी भरतो. घाटावरचे व्यापारी कांदे, लसूण, मिरच्या आणि टोपल्या-टोपल्या भाज्या घेऊन फोंड्याचा नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरतात. तीच मंडळी मंगळवारी कणकवलीला किंवा सावंतवाडीला आणि बुधवारी कुडाळला दिसतात. म्हणजे साहेबांच्या गावी बाजार जागच्या जागी आणि बघणारे येतात-जातात. इथे गिऱ्हाईक जागच्या जागी असतं आणि बाजार गावोगाव हिंडतो. आसपासच्या गावांतल्या बायका पहाटेच्या एसटीने येऊन कडेला गोणपाट पसरतात: लाल माठाच्या जुड्या, वालीच्या शेंगा, केळफूल, असोले नारळ, कुळीथ, सोलं, वाळलेली तिरफळं, चार गावठी अंडी. चारच. पाचवं घरी नातवासाठी ठेवलेलं असतं, आणि हे अंडीवाली स्वतःहून सांगते, म्हणजे पाचवं मागायचं नाही.

भरडापासून बंदरापर्यंतचं अंतर रमतगमत गेलं तरी दहा मिनिटांचं. त्या सोमवारी आम्हाला सकाळ पुरली नाही. मालवणात नमस्कार-चमत्कार फारसे करत नाहीत, प्रश्न विचारतात. “खंय चललात?” या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारात शिरलेला माणूस कुठे चालला आहे हे विचारणाऱ्याला दिसत असतं. पण त्या दिवशी बरोबर साहेब असल्यामुळे प्रश्न बदलला. “ह्यो खंयचो?” भाचा पहिल्यापहिल्यांदा नीट सांगत होता: डेन्मार्कचे, माझ्या ऑफिसातले, बाजार बघायला आलेत. या उत्तरातलं शेवटचं वाक्य कोणाला पटेना. बाजार कोण बघायला येतो? बाजारात काय बघायचं? माणूस एवढा लांबून येतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असणारच.

बातमी आमच्या पुढे चालू लागली. भरडावर साहेब डेन्मार्कचे होते. कापडाच्या दुकानांपर्यंत ते जर्मनीचे झाले. खाजं आणि कडक बुंदीचे लाडू विकणाऱ्याकडे पोचलो तेव्हा ते भाच्याचे होणारे सासरे होते, आणि त्याने त्या नात्याने गूळ आणि आल्यात घोळलेल्या खाज्याचे दोन तुकडे त्यांच्या हातावर जास्त ठेवले. बंदराच्या बाजूला एक शर्ट-इन केलेले गृहस्थ वाट बघत उभेच होते. त्यांनी साहेबांना व्हिजिटिंग कार्ड दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “तारकर्लीत एक नंबर जागा आसा. समुद्राक लागान. साहेबांक सांगा, आजच बघूया.” साहेबांनी ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि खिशात जपून ठेवलं. त्याचा अर्थ व्यवहार जवळजवळ झाला असा लागला असणार, कारण संध्याकाळी दुसरे एक गृहस्थ घरी आले आणि पहिल्या जागेचे कागद कसे गोत्यात आहेत ते सांगून गेले.

मासळीशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आमची नेहमीची मावशी बसलेली होती. पुढ्यात बांगड्यांचे वाटे लावलेले: मोठे वर, लहान खाली, पाठी एका दिशेला, आणि दर थोड्या वेळाने हाताने शिंपडलेल्या पाण्यामुळे चकाकणारे. साहेबांनी बांगड्याचं वजन विचारलं. मावशीने त्यांच्याकडे बघून मालवणीत, पण नेहमीपेक्षा मोठ्याने उत्तर दिलं, म्हणजे परदेशी माणसाला समजावं. “किलोचो हिशोब हाटेलवाल्यांक. हंय वाटो. वाटो दोनशाक.” मग तिने एक बांगडा उचलून त्याचे कल्ले अंगठ्याने उघडून त्यांच्या नाकासमोर धरले. आतला लालभडक रंग कोणत्याही भाषेत वाचता येतो. साहेब म्हणाले, ताजा आहे. भाच्याने हे भाषांतर करून सांगितलं ही त्याची बाजारातली पहिली चूक. गिऱ्हाइकाने मासा ताजा असल्याचं कबूल केलं की घासाघीस तिथेच अर्धी संपते.

उरलेली अर्धी मी हातात घेतली. साहेबांना आधीच समजावून ठेवलं होतं की भाव ऐकल्यावर मान हलवायची, वळायचं आणि दोन पावलं चालायचं. मागून हाक येते. साहेब मान हलवून वळले. पण वळल्यावर दोन पावलं चालायला समोर जागा हवी. समोर गोणपाटं, त्यावर वांगी, त्यापलीकडे एक स्कूटर आणि स्कूटरवर एक बाई, हातात जिवंत कोंबडा. साहेब अर्धे वळलेल्या स्थितीत, पाठ मावशीकडे आणि नाक कोंबड्याकडे करून, तसेच उभे राहिले. मावशीने बराच वेळ त्या पाठीकडे पाहिलं. इतका हट्टी माणूस तिच्या पुढ्यात बऱ्याच दिवसांत आला नसावा. शेवटी तिने वाट्यावर एक बांगडा जास्तीचा टाकला आणि म्हणाली, “घेवा, पण तेका सांगा, तोंड हयसर कर.”

पुढे सुकी मासळी होती. सुके बांगडे, गोलमो, सुंगटं, मोरी. तिथे एक पर्यटक कुटुंब नाकाला रुमाल लावून सेल्फी काढत होतं. मला वाटलं साहेबही जरा अंतरावर थांबतील. ते टोपलीपाशी बसलेच. त्यांनी एक वाळलेला लेपो उचलला, उलटा करून पाहिला, वास घेतला आणि आल्यापासून पहिल्यांदा भरभरून बोलू लागले. रीबेच्या बाजूच्या समुद्रकिनाऱ्यावर असाच चपटा मासा मीठ लावून वाळवतात, धुरी देतात आणि लोण्यात परतून काळ्या पावाबरोबर खातात. त्यांची आजी हेच करायची. विकणारी बाई ऐकत होती. तिला भाषांतर लागलं नाही. “ह्येका कळता,” ती शेजारणीला म्हणाली, आणि लगेच कामाचा प्रश्न विचारला, “थंय केवढ्याक?” साहेबांनी मनातल्या मनात क्रोनचे रुपये करून आकडा सांगितला. बाईने टोपलीवर फडकं ओढलं आणि भाच्याकडे वळून म्हणाली, “माल खंय धाडूचो ता सांगा.”

आता आम्ही परत निघालो, आणि खरी खरेदी इथून पुढे सुरू झाली. मालवणात मासा विकत घेतल्याने व्यवहार पुरा होत नाही. तो घरी नेईपर्यंत बाजाराकडून मंजूर करून घ्यावा लागतो. पिशवी फुगलेली दिसली, तिच्या बुडातून थेंब गळताना दिसले की पहिला प्रश्न, “काय गावला?” आणि दुसरा, “केवढ्याक घेतलात?” भाव खरा सांगितला तर उत्तर ठरलेलं: “फसलात मा!” चतुराई करून भाव कमी सांगितला तर विचारणारा क्षणभर गप्प होतो, पिशवीकडे पुन्हा बघतो आणि म्हणतो, “मगे शिळे असतले.” म्हणजे बाजारातून परतणारा माणूस एकतर फसलेला असतो नाहीतर शिळं खाणारा. तिसरा प्रकार मी इतक्या वर्षांत पाहिलेला नाही.

साहेबांनी पिशवी स्वतः धरली होती, त्यामुळे निकाल त्यांच्यावर लागू लागले. टेलरने शिवणयंत्र थांबवून विचारलं आणि फसलात म्हणाला. औषधवाल्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, फसलात. माझा एक जुना विद्यार्थी, ज्याला मी दर परीक्षेत इतिहासात ओढून पास केलं, तो दुकानातून बाहेर येऊन म्हणाला, “सर, तुम्ही असताना फसले?” थोडं पुढे एकाने पायरीवर बसल्या बसल्या तेच विचारलं, उत्तर ऐकलं आणि नुसती मान हलवली.

“हे तुमचे मित्र का?” साहेबांनी विचारलं.

“नाही. गेल्या निवडणुकीपासून ते माझ्याशी बोलत नाहीत.”

“आत्ता बोलले की.”

“बोलले नाहीत. विचारलं.”

वाण्याकडे खोबरेल घ्यायला थांबलो तेव्हा साहेब जरा सैलावले होते. त्यांनी सांगितलं की रीबेत नदीच्या धक्क्यावर एक लाकडी खांब आहे. समुद्राचं पाणी गावात घुसलं की त्याची पातळी त्या खांबावर कड्यांनी नोंदवलेली आहे, आणि सगळ्यात वरची खूण 1634 सालची आहे. “म्हणजे आमच्या किल्ल्याच्या तीस वर्षं आधी,” मी जोडून दिलं. वाण्याने तेलाची बाटली पुसत पुसत ऐकलं. “आमका खांबो कित्याक? माणसां आसत,” तो म्हणाला आणि पुराव्यादाखल समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला हाक मारली. म्हाताऱ्याने 2009 चं फयान मोठं होतं असं सांगितलं. वाणी म्हणाला, तौक्ते मोठं. कोणाची किती कौलं गेली याच्यावर दोघांची जुंपली. आम्ही तेल घेऊन निघालो तेव्हा आकडा इतका वाढला होता की तेवढी कौलं अख्ख्या बाजारावर नसतील.

मग कट्टा लागला. तिथे एक निवृत्त कारकून बसतात, ज्यांचा इतिहास माझ्यापेक्षा पक्का आहे कारण त्यांना तो शिकवावा लागला नाही. त्यांनी साहेबांना समोर बसवून घेतलं. “तुमच्या लोकांची वखार आसा वेंगुर्ल्याक. सतराव्या शतकातली. पार पडाक इली. जरा बघा मा तिचा.” साहेबांनी शांतपणे सांगितलं की वेंगुर्ल्याला आले ते डच, आम्ही डेन्मार्कचे, आम्ही वेगळे. “त्येच ते,” कारकून म्हणाले. वखार दुरुस्त करण्याची जबाबदारी घ्यायला कोणी तयार होत नाही, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलेलं होतं.

तेव्हा साहेबांनी आपल्या लोकांची हकिकत सांगितली. डेन्मार्कवाले हिंदुस्थानात आले होते, पण पलीकडच्या किनाऱ्यावर. 1620 मध्ये तंजावरच्या नायकाकडून त्यांनी तरंगमबाडीला जागा मिळवली, किल्ला बांधला. पुढे बंगालात श्रीरामपूरही घेतलं. इथे मी पुढे सरसावलो, कारण नायकांनंतर तंजावरला गादी आली ती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांची, आणि हे लोक त्या गादीला दरवर्षी खंडणी देत. “म्हणजे आपले भाडेकरू!” कारकुनांचा चेहरा उजळला. साहेब पुढे सांगत होते की अखेर 1845 मध्ये तरंगमबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही डेन्मार्कने इंग्रजांना विकून टाकली, साडेबारा लाख रुपयांना.

कट्टा शांत झाला. आजूबाजूचे दोघे-तिघे जवळ सरकले. कारकुनांनी पहिली हरकत कायद्याची घेतली: “भाड्यान ऱ्हवलेले मगे इकल्यानी कसे?” मग दुसरी.

“साडेबारा लाख? दोनय मिळान?”

“दोन्ही.”

“किल्ल्यासकट?”

“किल्ल्यासकट.”

“फसलात मा!”

साहेब हसले. डेन्मार्कची माणसं हसतात तेव्हा आवाज होत नाही अशी माझी समजूत होती. ती गेली. त्यांच्या हसण्याने वाण्याकडची भांडणं थांबली आणि म्हातारा काय झालं ते विचारायला इकडे आला, आणि त्यालाही तो सौदा पहिल्यापासून सांगावा लागला, आणि त्यानेही तोच निकाल दिला.

घरी आल्यावर साहेबांनी पुन्हा विचारलं, की इतक्या जुन्या बाजाराला चौक कसा नाही. एव्हाना मला उत्तर तयार होतं. चौक ही दिसायला मोठी डौलदार गोष्ट. पण तिच्यात एक मोठा दोष आहे: चौकात माणूस चुकवता येतो. समोरून नको तो आला की तिरकं चालायचं, कॅथीड्रलकडे बघत असल्याचं दाखवायचं, निसटायचं. आमच्या रस्त्यात ही सोय ठेवलेली नाही. येताना ज्यांच्यासमोरून आलात, जाताना त्यांच्याचसमोरून जायचं, तेही पिशवी भरलेली असताना. व्याही, उधारीवाला, कोर्टात विरुद्ध बाजूला उभा असलेला चुलतभाऊ, सगळे खांद्याला खांदा लावून जाणार आणि प्रत्येकजण भाव विचारणार. रुंदी वाढवायचं कोणी मनावर घेतलं तर गावात निम्म्या माणसांचं एकमेकांशी बोलणं बंद पडेल.

गणपतीच्या आदल्या दिवशी यावं म्हणजे हे नीट कळतं, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधायचं सामान बाजारात येतं: कवंडळं, कांगण्या, हरणाची फुलं, शेरवाड, बेड्यांचे घोस. ज्या डोंगरात ते फुकट उगवतं त्या डोंगराखालची माणसंच ते पैसे देऊन घेत असतात, आणि वर घासाघीस करतात. पाऊस कोसळत असतो, प्रत्येकाच्या हातात छत्री असते, आणि त्या रस्त्यावर छत्र्या उघडायला जागा नसल्यामुळे सगळे भिजत भाव विचारत असतात. दिवाळी पाडव्याला तर रामेश्वर आणि नारायण स्वतः पालखीतून या बाजारातून जातात. त्यांनाही थांबत थांबतच जावं लागतं. त्यांना कोणी भाव विचारत नाही, एवढाच फरक.

साहेब पुढच्या सोमवारी एकटेच गेले. आम्हाला न सांगता, सकाळी लवकर. परत आले तेव्हा पिशवीत बांगडे होते आणि कानावर ऊन होतं. भरडावरून घरापर्यंत त्यांना किती जणांनी अडवलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दारात बहिणीने “काय गावला?” म्हणायच्या आत ते म्हणाले, “फसलो.” उच्चार शंभर टक्के बरोबर होता.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. एका सुट्टीच्या दिवशी साहेब रीबेच्या चौकात उभे होते. मासे घेऊन एक अनोळखी बाई दुकानातून बाहेर पडली, आणि साहेबांनी तिला थांबवून विचारलं, केवढ्याला घेतले. तिकडे अनोळखी माणसाला असं विचारत नाहीत. बसमध्ये शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाशीही वर्षानुवर्षं बोलत नाहीत. बाई दचकली, तरी सभ्यपणे भाव सांगून मोकळी झाली. साहेबांनी मान हलवली आणि डॅनिशमध्ये तिला सांगितलं, फसलात. ती काही न बोलता, अख्खा चौक तिरका ओलांडून निघून गेली. मी म्हटलं, बघ, चौकाचा हाच तोटा.

“तसं नाय मामा,” भाचा म्हणाला. “पुढच्या आठवड्यात ती साहेबांना शोधत आली. पिशवी उघडून दाखवली आणि म्हणाली, आता सांगा.”

“मग साहेब काय म्हणाले?”

“शिळे असतील म्हणाले.”